छत्रीवाल्या गायकाचे तीन शेवट

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नयेच. माझा स्वतःचा बसायला वीस वर्षं लागली.

हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हणतोय असं नाही. आमच्या पेद्रा मान्सा गावात छत्र्या दुरुस्त करणारा मी एकटा, आणि माझ्या दुकानात आलेल्याला काडी बसेपर्यंत काहीतरी ऐकावं लागतंच. त्या गुरुवारी दुपारी तिघं होती. एक एव्हर्टन, बँकेत नवा लागलेला कारकून, दक्षिणेकडचा, अजून आमच्या गावाला नावं ठेवायला न लागलेला. दुसरा निव्हाल्दो पोस्टमन. तो पत्रं वाटायला निघतो, माझ्याकडे कॉफीला थांबतो आणि पत्रांना दुसरा दिवस उजाडतो. तिसरी दोना झुल्मिरा, म्हणजे झुल्मिराबाई, पलीकडच्या गल्लीतल्या फरशीच्या दुकानाची मालकीण. येत्या रविवारी तिच्या लग्नाला तीस वर्षं होणार होती. प्रार्थनेनंतर पाद्री नवराबायकोला पुन्हा शेजारी उभं करून आशीर्वाद देणार होते, आणि त्यासाठी तिला आपली जुनी निळी छत्री नीट करून हवी होती. दोन काड्या मोडलेल्या, दांडा खिळखिळा. एरवी ती छत्री टेकवून निघून जाते. त्या दिवशी म्हणाली, "बसतेच मी. तुझ्यावर सोडली तर लग्नाच्या पुढच्या वाढदिवसाला देशील."

तिला मी बसू द्यायला नको होतं.

एव्हर्टनने वर पाहिलं. माझ्या आढ्याला तीनेकशे छत्र्या वटवाघळांसारख्या लटकतात. "काका, एवढ्या बायकी छत्र्या? कुणाच्या?"

"लिसांद्रो व्हालच्या," मी म्हटलं.

"कोण?"

निव्हाल्दोने कपाळावर हात मारला. "झालं. पोरा, खुर्ची घे. आज तुझी बँक काही उघडत नाही."

तर लिसांद्रो व्हाल म्हणजे ओरोझिंबो. आणि ओरोझिंबो म्हणजे या दोना झुल्मिराचा नवरा, जो आता फरशा विकतो. मी आणि तो एकाच वर्गात, एकाच वर्षी, एकाच विषयात नापास झालो. त्याचा आवाज असा, की तो कविता म्हणायला उभा राहिला की बाई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसायच्या आणि मग त्याला शून्य द्यायच्या, कारण कविता भलतीच असायची. पुढे तो औषधाच्या दुकानाच्या गाडीवर बसून भोंग्यातून जंतांच्या गोळ्यांची जाहिरात करायला लागला. इतक्या आर्जवाने करायचा, की ज्यांच्या पोटात भाकरीचा तुकडा नव्हता तेही जंतांसाठी गोळ्या न्यायचे. मग गावात सर्कस आली. सर्कशीत सिंहाचा खेळ संपल्यावर झोके बांधायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात गाणारा माणूस लागतो. ओरोझिंबो गायला उभा राहिला. झोके बांधून झाले तरी लोक त्याला सोडेनात. वर झोक्यावर बसलेला कसरतवाला ढसाढसा रडत होता. मालक खालून ओरडला, "उडी मार!" तो वरून म्हणाला, "थांबा हो, अजून एक कडवं राहिलंय!"

"तो कसरतवाला रडत नव्हता," झुल्मिरा म्हणाली. "त्याला सर्दी झाली होती."

"सर्दी झालेला माणूस कडवं मोजत नाही," मी म्हटलं, आणि पुढे गेलो.

सर्कशीबरोबर तो साओ पाउलोला पोचला. तिथे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीतल्या माणसाने आवाज ऐकला, नाव विचारलं आणि डोकं धरून बसला. म्हणाला, "ओरोझिंबो नावाच्या माणसासाठी कुठली बाई उशी ओली करेल?" म्हणून लिसांद्रो व्हाल. रुंद कॉलर, उघडी छाती, छातीवर साखळी, बुटाला चार बोटं टाच. आणि गाणं एकच, पण असं की रेडिओने दुसरं लावायचं बंद केलं: 'तुझी छत्री माझ्याकडेच राहिली.' बाई सोडून गेली, छत्री विसरली. आता पाऊस आला की ती कुठेतरी भिजत असेल, आणि इथे माझ्या घरात तिची छत्री कोरडी. संपलं. याच्यापुढे गाण्यात काही नाही. पण एवढ्यावर अख्खा ब्राझील रडला.

"छत्री माझी होती," झुल्मिरा एव्हर्टनला म्हणाली. "हीच, निळी. मी त्याला सोडून वगैरे काही गेले नव्हते. त्याच्या आईकडे चीजचे पाव खायला गेले होते, तिथे विसरले. तेव्हाच आमचा साखरपुडा होऊन चार वर्षं झाली होती."

"बघा. म्हणजे मी सांगतो ते खरं असतं," मी म्हटलं.

गावोगाव कार्यक्रम सुरू झाले आणि एक विलक्षण प्रकार झाला. एका बाईने गाणं ऐकताऐकता आपली छत्री मंचावर नेऊन त्याच्या पायाशी ठेवली. दुसऱ्या गावी दहाजणींनी ठेवल्या. तिसऱ्या गावापासून रीतच पडली. आता इतक्या छत्र्या उचलणार कोण? ओरोझिंबोने मला निरोप धाडला: "अनाक्लेतो, ये. काम आहे आणि जेवण आहे." मी गेलो. माझी नेमणूक छत्र्या गोळा करण्यावर. वर्षाच्या शेवटी आमच्याकडे अकरा हजार छत्र्या होत्या आणि मिनास राज्यातल्या निम्म्या बायका भिजत घरी जात होत्या. त्या साली खोकल्याचं औषध करणाऱ्यांनी लिसांद्रोला नाताळची भेट पाठवली, यावरून काय ते समजा.

"अकरा हजार?" निव्हाल्दो म्हणाला. "गेल्या खेपेला नऊ होत्या."

"दोन हजार नंतर सापडल्या."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग रिओच्या टीव्हीवाल्यांनी त्याला रात्री आठच्या मालिकेत घेतलं, आणि त्यानंतर कुणालाच काही कळेनासं झालं. मला नाही, त्याला नाही, देवाला विचारण्याइतकी माझी ओळख नाही.

एव्हर्टन, तू लहान आहेस, पण मालिकेत प्रत्येक पात्राचं एक गाणं असतं हे तुलाही ठाऊक असेल. नायक आला की त्याचं गाणं वाजतं, नायिका खिडकीत उभी राहिली की तिचं. पुढे त्या सगळ्या गाण्यांची मिळून एक रेकॉर्ड निघते. आता गाणी ठरवणारी माणसं एका मजल्यावर बसतात आणि नट ठरवणारी दुसऱ्या. त्या दोन मजल्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, कारण लिफ्ट बंद होती. वरच्यांनी छत्रीचं गाणं दिलं नायकाला. नायक जनावरांचा डॉक्टर, गरीब, सज्जन, गाईंशी हळू बोलणारा. आणि खालच्यांनी लिसांद्रो व्हालला दिलं खलनायकाचं काम. कासियानो त्याचं नाव. हा कासियानो लुसिलिया नावाच्या भाबड्या मुलीला चर्चच्या पायरीवर, नवरीच्या पोशाखात, हातात फुलं घेतलेली असताना सोडून पळून जातो. त्याला गाणं कुठलं? नुसता ढोल.

म्हणजे चित्र असं: पावसातून जनावरांचा डॉक्टर चाललाय, आणि मागे आमचा ओरोझिंबो जीव तोडून गातोय. दाराआडून ओरोझिंबोच त्याच्याकडे बघून दातओठ खातोय. लोकांनी काय समजावं? लोकांनी समजून घेतलं की गाणारा तो डॉक्टर, आणि हा दाराआडचा मेला त्याच्या वाईटावर आहे.

त्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात लिसांद्रोने गाणं सुरू केलं आणि मागून एक आजी ओरडली, "ए चोरा! पोरगी पळवलीस ती पळवलीस, आता डॉक्टरचं गाणंही पळवतोस?" आणि छत्र्या आल्या. पण या वेळी पायाशी नाही, पाठीवर. मी नेहमीच्या सवयीने गोळा करत होतो, मला चार पडल्या. आणि डॉक्टरचं काम करणारा तो नट, ज्याला बेडकाइतकंही गाता येत नव्हतं, तो गावोगाव रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवायचा. बायका त्याच्या पायाशी छत्र्या ठेवायच्या, पुरुष आजारी वासरं आणून बांधायचे. एकदा तो आमच्या हॉटेलात भेटला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नट म्हणाला, "दादा, मला तुमचा आवाज नको. तुम्ही माझी वासरं घ्या." ओरोझिंबो म्हणाला, "मला माझं काहीच नको. मला फक्त लग्न करायचंय."

कारण खरं दुखणं ते होतं. साखरपुड्याला सात वर्षं झाली होती. मालिका संपली की लग्न, असं ठरलेलं. पंधरा दिवसांची सुट्टी काढून तो गावी आला, मी बरोबर. झुल्मिराच्या दारात उभे राहिलो. दार उघडलं नाही. खिडकी उघडली, आणि खिडकीत झुल्मिराची आई, दोना जेनेरोझा.

"दोना जेनेरोझा, मी आलो," ओरोझिंबो म्हणाला.

"दिसतंय."

"दार?"

"दार ओरोझिंबोसाठी आहे. त्याला मी लहानपणी मांडीवर घेऊन राजमा-भात भरवलाय. तो आला की उघडेन. हा कासियानो माझ्या उंबऱ्यावर नको."

"अहो पण मीच ओरोझिंबो!"

"तेच तर वाईट वाटतं," म्हातारी म्हणाली. आत गेली, बशीत पेरूची वडी आणि चीज घेऊन आली, खिडकीतून माझ्या हातात दिली. "अनाक्लेतो, हे ओरोझिंबोला दे. भेटला की सांग, बारीक झालायस म्हणावं."

तो शेजारीच उभा होता. बशी मी त्याच्याकडे दिली. त्याने खाल्लं. मी म्हटलं, "बारीक झालायस म्हणाल्या." तो म्हणाला, "त्यांना सांग, वडी छान झालीय." मी सांगितलं. म्हातारी म्हणाली, "गुणी पोर आहे, त्याच्यासारखा जावई शोधून सापडणार नाही," आणि खिडकी लावून घेतली.

एव्हर्टन हसायला लागला. "खरंच असं झालं?"

"झालं," झुल्मिरा म्हणाली. ती हसत नव्हती. "मी आत कोपऱ्यात उभी होते. तीन दिवस जेवले नाही."

मग मी डोकं चालवलं. आमच्याकडे मालिका आधी लिहून ठेवत नाहीत. आज लिहितात, परवा दाखवतात, आणि लोक काय म्हणतात ते बघून तेरवा बदलतात. ही मालिका लिहायच्या दोना ओतिलिया. दमेकरी बाई, दोन टाइपरायटर आणि एक पोपट. लोकांची पत्रं वाचल्याशिवाय त्या जेवत नसत. ओरोझिंबो परत गेला, मी गावीच बसलो आणि पत्रं लिहिली. सहाशे बारा. काही उजव्या हाताने, काही डाव्या, एक पायाने. काहींना अत्तर, काहींना लसणाचा वास. सगळ्यांत मागणी एकच: कासियानोला पश्चात्ताप होऊ दे, आणि त्याने लुसिलियाशी लग्न करावं. म्हटलं, तो सुधारला की दोना जेनेरोझा दार उघडेल.

"त्यातली चाळीस मी टाकली," निव्हाल्दो म्हणाला. "बाकीची बहुतेक माझ्या पिशवीत राहिली."

"चाळीस पुरली," मी म्हटलं. दोना ओतिलियांनी कासियानोला सुधारलं. आधी त्याने आंधळ्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून दिला. मग तुरुंगात जाऊन आला. मग चर्चमध्ये गुडघ्यांवर बसून असा रडला, की दोना जेनेरोझाने ॲप्रन डोळ्यांना लावला. मासिकांतून आलं की शेवटच्या भागात कासियानो आणि लुसिलियाचं लग्न. मी उड्या मारत म्हातारीकडे गेलो. "आता काय म्हणता?"

"आता तर प्रश्नच मिटला," ती म्हणाली. "त्याचं लग्न ठरलं. माझ्या मुलीसाठी दुसरं स्थळ बघते."

आगीतून फुफाट्यात! तुला माहीत नसेल, एव्हर्टन, पण शहात्तर साली या देशात घटस्फोट नव्हता. एकदा लागलं ते लागलं. मी म्हातारीला घेऊन पाद्री कालिस्तोंकडे गेलो. पाद्री स्वतः आठची मालिका बघायचे, त्यासाठी त्यांनी संध्याकाळची प्रार्थना सहाला आणली होती. म्हणाले, "दोना जेनेरोझा, ते नाटक आहे. ते लग्न धरत नाहीत."

"लग्न लागायला काय लागतं, बाबा?"

"दोघांचं मनापासून हो आणि साक्षीदार."

"हो म्हणणार का ते?"

"म्हणणार."

"मनापासून? तुम्ही तर परवा म्हणालात, त्याच्या रडण्यात खोट नाही."

पाद्रींनी घड्याळाकडे पाहिलं.

"आणि साक्षीदार किती?"

पाद्रींनी चष्मा काढला. "चारेक कोटी," ते म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसून म्हणाले, "मी बिशपना विचारतो." बिशपांचं उत्तर आलं: मागचे दोन भाग चुकलेत, त्यामुळे आत्ताच मत देता येत नाही.

इकडे ओरोझिंबोचं वेगळंच. शेवट फुटू नये म्हणून टीव्हीवाल्यांनी मंगळवारी त्याच्याकडून तीन शेवट करून घेतले. पहिल्यात तो लुसिलियाशी लग्न करतो. दुसऱ्यात तिचा हात डॉक्टरच्या हातात देतो आणि एकटा रस्त्याने निघून जातो. तिसऱ्यात विहिरीत पडून मरतो. कुठला दाखवणार ते त्यालाही सांगितलं नाही. त्याने मला फोन केला. "अनाक्लेतो, मी आज सकाळी लग्न केलं, दुपारी सोडलं आणि संध्याकाळी वारलो. आता मी कोण, ते शुक्रवारी आठ वाजता ठरणार." आणि शुक्रवारी दुपारीच बसमध्ये बसून तो गावाकडे निघाला. का? तर म्हणाला, "पडद्यावर बघायची हिंमत नाही. जे असेल ते झुल्मिराच्या तोंडून ऐकेन."

पण मी हातावर हात धरून बसणाऱ्यातला नाही. मी आदल्या रात्रीच रिओला गेलो होतो.

इथे झुल्मिराने कॉफीचा कप खाली ठेवला. मी काडी बसवत होतो, माझं लक्ष नव्हतं.

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. मी छत्री पोचवायला आलो असं सांगून टीव्हीच्या इमारतीत शिरलो. तळघरात एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर तीन डबे. प्रत्येकात एक शेवट. लाल पट्टी लग्नाची, पिवळी रस्त्याची, काळी विहिरीची. पाच माणसं पहाऱ्याला, सगळे भात-राजमा खात बसलेले. लाल डबा वेगळा काढून ठेवलेला, म्हणजे लग्नच दाखवणार! मी काय केलं? मी हीच निळी छत्री घेतली आणि भर खोलीत, छपराखाली, फट्कन उघडली. तुला माहीतच आहे, घरात छत्री उघडणं म्हणजे मरण बोलावणं. आणि नाटकवाले तर आपल्यापेक्षा दसपट घाबरट. पाचही जण ताटं टाकून छातीवर क्रूसाची खूण करत पळाले. मी लाल पट्टी सोलली, पिवळ्या डब्याला लावली. पिवळी लाल डब्याला, आणि डब्यांच्या जागाही बदलल्या. आणि धूम! दाराला लोखंडी कडी होती, तिच्यात कोट अडकला आणि टर्रकन फाटला. तो बघ, तिथे खुंटीला लटकतोय. त्याच्या खिशाखालची ती शिवण बघ, रिओची खूण आहे ती!

एव्हर्टनने उठून कोट पाहिला. झुल्मिराही उठली. तिने शिवणीवर बोट फिरवलं आणि कोट खुंटीवरून काढला.

आठ वाजता, मी पुढे म्हटलं, मी समोरच्या उपाहारगृहात उभा राहून शेवट पाहिला. कासियानोने लुसिलियाचा हात डॉक्टरच्या हातात दिला. म्हणाला, "माझी दुसरीकडे कुणीतरी वाट बघतंय," आणि छत्री उघडून रस्त्याने चालायला लागला. आणि तेव्हा, पहिल्यांदाच, छत्रीचं गाणं त्याच्यासाठी वाजलं! शंभर माणसं उभी राहून रडली. मी बाहेर पडलो, मिळेल त्या ट्रकने निघालो आणि शनिवारी दुपारी दोना जेनेरोझाच्या दारात. कारण इथे पेद्रा मान्सात कुणी काही पाहिलंच नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी एक घोरपड विजेच्या डबड्यात शिरली, ती गेली आणि आमची वीजही गेली, ती तीन दिवसांनी आली. सगळं गाव अंधारात, ओरोझिंबो सकाळपासून चर्चच्या पायरीवर डोकं धरून बसलेला. मी म्हातारीला सांगितलं, "याच डोळ्यांनी पाहिलं. त्याने लग्न केलं नाही!" तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि दार उघडलं. पुढच्याच रविवारी लग्न.

"पण बाकीच्या गावांनी पाहिलं असेल ना?" एव्हर्टनने विचारलं.

"पाहिलं की! पण दहा जणांना विचार, अकरा शेवट ऐकशील. बेलो होरिझोंतेच्या आत्याने लग्नाचं अभिनंदन कळवलं, मामेभाऊ म्हणाला विहीर. एका बाईने तर ओरोझिंबोलाच गाठून त्याच्या मरणाचं दुःख व्यक्त केलं, त्याने आभार मानले. आणि टीव्हीवाल्यांनी त्या फितीवर पुढे फुटबॉलचा सामना भरला. आता खरं काय ते सांगणारा जगात मी एकटा."

मी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. झकास झाली होती. "घे," मी झुल्मिराला म्हटलं. "रविवारी ऐटीत मिरव."

तिने छत्री घेतली नाही. कोट हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या मागे निव्हाल्दोने हळूच आपली पिशवी खांद्याला लावली, पण गेला नाही.

"अनाक्लेतो, ही शिवण कुठल्या दोऱ्याची आहे?"

"काळ्या."

"हिरव्या. काळा दोरा संपला होता. त्या शुक्रवारी चार वाजता अबिलियोमामाची अंत्ययात्रा होती. पेटीचा पुढचा डावा कोपरा तुझ्या खांद्यावर होता आणि पेटीच्या कडीने तुझा कोट फाटला. आई जपमाळेला चर्चमध्ये गेली, आणि सात वाजता तू माझ्या स्वयंपाकघरात बनियनवर बसून वडी खात होतास. मी मेणबत्तीच्या उजेडात हा कोट शिवला. कुठली रिओ नि कुठला डबा?"

"बरं बाई," मी म्हटलं, "रिओ थोडी लांब पडली असेल. पण शेवट मी पाहिला."

"कुठे?"

"तेव्हा सांगितलं होतं ना तुझ्या आईला. शेजारच्या कोर्रेगो फुंदोला, औषधाच्या दुकानदाराकडे. ट्रकने अर्ध्या तासात पोचलो."

"हो, तेच सांगितलं होतंस. तीस वर्षं मी तेच धरून चाललेय. मला वाटायचं, आठच्या आत पोचला असशील बिचारा."

"पोचलोच होतो!"

"अनाक्लेतो," निव्हाल्दो मागून म्हणाला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने एक गोष्ट वेळेवर पोचवली, "कोर्रेगो फुंदोची वीज आपल्याच डबड्यातून जाते. आपली गेली की त्यांची आधी जाते."

वर छत्र्या हलत होत्या. एव्हर्टन एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

"खोटारड्या!" झुल्मिरा म्हणाली. "म्हणजे तो शेवट तू पाहिलाच नाहीस! ना तू, ना आईने, ना गावाने, ना त्याने स्वतः. मग रविवारी पाद्रींसमोर मी पुन्हा ज्याचा हात धरणार आहे, तो नवरा तीस वर्षं नक्की कुणाचा आहे, ते सांग मला आधी!"